साडेचौदाशे इनिंग्ज कोण टाकणार?

सप्टेंबर २०१२. वॉशिंग्टन शहराचा बेसबॉल संघ १९३३ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफच्या उंबरठ्यावर उभा होता. वॉशिंग्टन नॅशनल्सचा सगळ्यात गुणी पिचर होता २४ वर्षांचा स्टीफन स्ट्रासबर्ग. त्या मोसमात त्याने १५ सामने जिंकले होते आणि १९७ बॅटर स्ट्राइकआउट केले होते. ७ सप्टेंबरला तो तीन इनिंग्ज टाकून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी संघाने जाहीर केलं की या वर्षी स्ट्रासबर्ग आता चेंडू टाकणार नाही. त्याचा हात दुखत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कोपरावर मोठी शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण मोसमात त्याला साधारण १६० इनिंग्जच द्यायच्या, असं जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी आधीच ठरवलं होतं. १५९ इनिंग्ज झाल्या आणि त्याला थांबवण्यात आलं.

नॅशनल्सने ९८ सामने जिंकले. त्या वर्षी एवढे विजय दुसऱ्या कुठल्याच संघाला मिळाले नाहीत. मग ऑक्टोबरमध्ये सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध मालिकेचा निर्णायक पाचवा सामना आला. त्यात नॅशनल्स ६-० असे पुढे होते आणि ९-७ असे हरले. स्ट्रासबर्ग संघात नव्हता. तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकेतले चाहते या निर्णयावर भांडत आले आहेत. एका बाजूचं म्हणणं, तरुण खेळाडूचा हात वाचवला हे उत्तम केलं. दुसरी बाजू म्हणते, हातात आलेलं अजिंक्यपद घालवलं.

स्ट्रासबर्गच्या पुढच्या आयुष्यात दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. २०१९ मध्ये त्याच्याच जोरावर नॅशनल्सने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली आणि तो मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नियमित मोसमात २०९ आणि प्लेऑफमध्ये आणखी ३६ इनिंग्ज त्याने टाकल्या होत्या. त्यानंतर संघाने त्याच्याशी सात वर्षांचा २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्या करारात तो फक्त आठ सामने खेळू शकला. मान-खांद्यातल्या नसांच्या दुखण्याने त्याची कारकीर्द संपली.

माझं मत असं आहे की या भांडणात मूळ प्रश्नच बाजूला राहतो. सगळे एका पिचरकडे आणि एका आकड्याकडे बघत बसले. पिचरचा हात वाचतो की जातो, हे सप्टेंबरमध्ये ठरत नाही. ते ठरतं मोसम सुरू होण्याआधी, संघ बांधताना.

कोपरावर काय येतं

पिचर आणि बॅटर यांच्यात १८.४४ मीटरचं अंतर असतं. तेवढ्या अंतरावरून साधारण १४५ ग्रॅमचा चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने टाकायचा असतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला चेंडू सोडताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, म्हणून त्याचा भार पाठीवर, गुडघ्यावर आणि घोट्यावर जातो. जसप्रीत बुमराच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. बेसबॉलमध्ये कोपर वाकवून झटक्यात सरळ करतात. फेकीच्या क्षणी खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने फिरतो. माणसाच्या शरीराची याहून वेगवान हालचाल क्वचितच मोजली गेली असेल.

या झटक्याला आवर घालतो कोपराच्या आतल्या बाजूचा एक छोटा अस्थिबंध. १९९५ मध्ये ग्लेन फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा प्रौढ पिचरच्या कोपरावर प्रत्येक जोरदार फेकीत सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका पीळ पडत असल्याचं दिसलं. प्रयोगशाळेत मृतदेहांमधला हाच अस्थिबंध त्याच्या निम्म्या पिळाला तुटतो. म्हणजे उरलेला भार आजूबाजूचे स्नायू उचलतात. स्नायू थकले की तो भार अस्थिबंधावर येतो. रहाटाचा दोर एका हिसक्यात तुटत नाही, रोज त्याचे दोन-चार धागे उसवतात आणि एक दिवस बादली विहिरीत जाते. कोपराचंही तसंच होतं.

१९७४ च्या जुलैत लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याचा हा अस्थिबंध तुटला. तोवर अशी दुखापत म्हणजे कारकिर्दीचा शेवट. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. यश येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७६ मध्ये परतला आणि वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे. पण त्या यशाची एक वाईट बाजूही आहे. दुरुस्ती शक्य आहे म्हटल्यावर मोडतोडीची भीती कमी झाली. प्रत्यक्षात परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं, काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि काही जण परततच नाहीत.

जुने पिचर इतकं कसे टाकायचे?

१८८४ मध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाच्या चार्ल्स रॅडबर्नने एका मोसमात ६७८ इनिंग्ज टाकल्या. साय यंगने कारकिर्दीत ७४९ सामने एकट्याने पूर्ण केले. १९७२ मध्ये विल्बर वूडने ३७६ इनिंग्ज टाकल्या. २०२४ मध्ये सगळ्या तीस संघांत मिळून फक्त चार पिचर २०० पर्यंत पोहोचले. दहा वर्षं आधी, २०१४ मध्ये, असे तिसाहून जास्त होते. हे आकडे वाचून आजचे पिचर नाजूक झाले, असा निष्कर्ष काढणारे चाहते पुष्कळ आहेत. मला तो अन्यायाचा वाटतो.

रॅडबर्नच्या काळात पिचर बॅटरच्या बराच जवळून चेंडू टाकत असे. आजचं अंतर १८९३ मध्ये आलं. वूडचा मुख्य चेंडू नकलबॉल, म्हणजे संथ आणि हवेत डुलत जाणारा, त्यामुळे हाताला ताण कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होमरन दुर्मीळ होते. कमकुवत बॅटरसमोर पिचर निम्म्या जोरात टाकू शकत असे आणि अडचणीच्या वेळेसाठी जोर राखून ठेवत असे. ख्रिस्टी मॅथ्यूसनच्या १९१२ मधल्या पुस्तकाचं नावच 'पिचिंग इन अ पिंच' होतं. ही चैन आज उरलेली नाही. नऊच्या नऊ बॅटर होमरन मारू शकतात. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी खास बॅटर खेळतो, त्यामुळे दम खाण्याची हक्काची जागाही गेली.

म्हणून आज पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकला जातो. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरच्या दुखापतींवर एक अहवाल काढला. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी १४७ किलोमीटर होता, तो २०२४ मध्ये १५२ च्या जवळ गेला. पिचरना दुखापतींच्या यादीत टाकण्याचे प्रसंग २००५ मध्ये २१२ होते, २०२४ मध्ये ४८५ झाले. या काळात प्रत्येक पिचरच्या इनिंग्ज कमी होत गेल्या, तरी दुखापती दुपटीहून जास्त वाढल्या. केवळ इनिंग्ज मोजून हात वाचला असता, तर हे झालं नसतं.

ग्रेग मॅडक्सचं उदाहरण इथे आठवतं. वेगाच्या बाबतीत तो सामान्य होता. चेंडू नेमका हवा तिथे टाकणं आणि शेवटच्या क्षणी वळवणं यावर त्याने ३५५ सामने जिंकले आणि ५,००० हून अधिक इनिंग्ज टाकल्या. त्याच्या अटलांटा ब्रेव्हज संघाचे पिचिंग कोच लिओ मॅझोनी दोन सामन्यांच्या मध्ये पिचरना दोनदा हलक्या हाताने टाकायला लावत. हाताला काम हवंच, सगळं काम कमाल जोराचं नको, ही त्यांची रीत मला आजही पटते.

हिशेब मांडून पाहू

आता संघबांधणीकडे वळू. मोसमात १६२ सामने, प्रत्येक नऊ इनिंग्जचा. म्हणजे संघाला साधारण साडेचौदाशे इनिंग्ज टाकणारे हात लागतात. आज सुरुवात करणारा पिचर सरासरी सव्वापाच इनिंग्ज टाकतो. १६२ सामन्यांत त्या झाल्या साधारण साडेआठशे. उरलेल्या सहाशे बुलपेनमधल्या, म्हणजे बदली पिचरच्या वाट्याला येतात. संघात २६ खेळाडू असतात आणि २०२२ पासून त्यातले जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. पाच सुरुवात करणारे, आठ बदली. आठ जणांनी प्रत्येकी ६५ इनिंग्ज टाकल्या तरी ५२० होतात. ऐंशी इनिंग्ज उरल्याच.

आणि हा हिशेब कुणालाच दुखापत होत नाही असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षात पाचही सुरुवात करणारे वर्षभर टिकले असा संघ विरळाच. म्हणून चाळीस जणांची मोठी यादी असते, तिच्याबाहेर मायनर लीगचे संघ असतात, आणि काल तीन इनिंग्ज टाकलेल्या थकलेल्या पिचरला आज खाली पाठवून ताज्या दमाचा वर आणला जातो. एका मोसमात एका खेळाडूला असं पाच वेळांपेक्षा जास्त खाली पाठवता येत नाही, हा नियम २०२२ पासून आहे.

चाहते बहुधा पहिल्या पिचरची चर्चा करतात. मी संघाची यादी हातात आली की सहावा, सातवा, आठवा सुरुवात करणारा कोण आहे ते आधी बघतो. ते नसतील, तर पहिल्या पिचरला थकल्या हाताने टाकावं लागणार, हे नक्की समजावं.

२००३ मध्ये शिकागो कब्सकडे २२ वर्षांचा मार्क प्रायर होता. त्याने १८ सामने जिंकले, २११ इनिंग्ज टाकल्या. प्लेऑफच्या शर्यतीत सप्टेंबरमध्ये त्याचे चेंडू सामन्यामागून सामन्यात १२० च्या पुढे गेले. शेवटचा मेजर लीग सामना तो वयाच्या २५ व्या वर्षी खेळला. त्या एका महिन्यानेच त्याचा हात गेला असं सिद्ध करता येत नाही, मधे त्याला इतर अपघातही झाले. तरी संघाला दुसरा पर्याय असता तर एवढं ओझं त्याच्यावर टाकलं गेलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

आता पुन्हा २०१२ कडे. त्याच वर्षी ब्रेव्हजकडे क्रिस मेडलन होता. स्ट्रासबर्गप्रमाणेच त्याचीही शस्त्रक्रिया २०१० मध्ये झालेली. ब्रेव्हजने त्याला जुलैअखेरपर्यंत बुलपेनमध्ये ठेवलं आणि मग सुरुवात करायला दिली. १३८ इनिंग्जमध्ये त्याने दहा सामने जिंकले, एकच हरला, आणि ऑक्टोबरमध्ये तो ताजा होता. पुढे २०१४ मध्ये त्याच्या कोपरावर दुसरी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा या पद्धतीने हात अमर होतो असा दावा मी करणार नाही. पण ठरलेल्या इनिंग्ज कधी खर्च करायच्या, याचा विचार ब्रेव्हजने केला होता. नॅशनल्सने मर्यादा बरोबर घातली, मात्र त्या इनिंग्ज एप्रिलपासून दर पाचव्या दिवशी खर्च करून टाकल्या.

जपानमधला धडा

दर उन्हाळ्यात कोबेजवळच्या निशिनोमियातल्या कोशिएन मैदानावर जपानच्या शाळांची स्पर्धा होते. सारा देश ती पाहतो. २० ऑगस्ट १९९८ रोजी योकोहामा शाळेच्या दाइसुके मात्सुझाकाने उपांत्यपूर्व सामन्यात १७ इनिंग्जमध्ये २५० चेंडू टाकले. आदल्या दिवशी त्याने १४८ टाकलेले होते. दुसऱ्या दिवशी तो एका इनिंगसाठी पुन्हा आला आणि त्याच्या पुढच्या दिवशी अंतिम सामन्यात एकही हिट न देता जिंकला. जपानला नायक मिळाला. तो बॉस्टन रेड सॉक्सकडूनही खेळला, २००७ ची वर्ल्ड सिरीज जिंकला. २०११ मध्ये, तिसाव्या वर्षी, त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली.

२०१९ मध्ये इवाते प्रांतातल्या ओफुनातो शाळेत रोकी सासाकी नावाचा मुलगा होता. ताशी १६३ किलोमीटर वेग. प्रांताच्या स्पर्धेत एका सामन्यात त्याने १९४ चेंडू टाकले, उपांत्य सामन्यात १२९. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना होता. जिंकले तर कोशिएन. प्रशिक्षकांनी त्याला मैदानात उतरवलंच नाही. संघ १२-२ असा हरला आणि शाळेवर संतापलेल्या लोकांच्या तक्रारींचा भडिमार झाला. त्या प्रशिक्षकांच्या धैर्याला मी मनापासून मानतो. पुढच्याच वर्षापासून जपानच्या शालेय महासंघाने एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली. १० एप्रिल २०२२ रोजी, वीस वर्षांच्या सासाकीने चिबा लोटे मरीन्सकडून परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोहोचू दिलं नाही, आणि तेही १९ बॅटर स्ट्राइकआउट करून.

काढावं की ठेवावं

१ जून २०१२. न्यूयॉर्क मेट्सचा योहान सांताना खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर नुकताच परतलेला. त्या रात्री त्याने एकही हिट दिली नव्हती आणि मेट्सच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात असा सामना झालेला नव्हता. मॅनेजर टेरी कॉलिन्स यांनी त्याला थांबवलं नाही. १३४ चेंडू, नो-हिटर, मैदानभर जल्लोष. त्यानंतर सांताना आणखी दहा सामने खेळला, त्यात त्याची धुलाई झाली, आणि तो मेजर लीगमध्ये पुन्हा कधी दिसला नाही.

याच्या उलट २७ ऑक्टोबर २०२०. वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेजचा ब्लेक स्नेल डॉजर्सविरुद्ध अप्रतिम टाकत होता. ७३ चेंडू, नऊ स्ट्राइकआउट, संघ १-० पुढे. मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला काढलं, कारण तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की पिचरला जास्त मार बसतो, असं आकडेवारी सांगते. डॉजर्स ३-१ जिंकले आणि अजिंक्यपदही त्यांनाच मिळालं.

सांतानाला काढायला हवं होतं आणि स्नेलला ठेवायला. दोन्हीकडे निकष एकच: हात थकलाय का? चेंडूंचा आकडा खूण म्हणून चांगला, पण समोरच्या माणसाचा वेग उतरला का, चेंडू वर राहायला लागला का, हे डोळ्यांनी पाहावं लागतं.

मला हवा तसा संघ

२०२५ च्या डॉजर्सकडे पाहा. दुसऱ्या कोपर-शस्त्रक्रियेतून उठलेल्या शोहेई ओहतानीला त्यांनी जूनमध्ये एका इनिंगने सुरुवात करून दिली आणि हळूहळू वाढवत नेलं. नियमित मोसमात ४७ इनिंग्ज झाल्या, ऑक्टोबरमध्ये तो पूर्ण ताकदीने तयार होता. स्नेल आता त्यांच्याकडे होता. एप्रिल ते जुलै तो खांद्यामुळे बाहेर, पण लीगच्या अंतिम मालिकेत मिलवॉकीविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने आठ इनिंग्ज टाकल्या. सासाकीही तिथेच, मे ते सप्टेंबर खांद्यामुळेच बाहेर राहून बुलपेनमध्ये परतलेला. योशिनोबू यामामोतोला वर्षभर नेहमीच्या चार दिवसांपेक्षा जास्त विश्रांती मिळाली. वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात त्याने ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच रात्री सातव्या सामन्यात आणखी ३४. टोरोंटोत अकराव्या इनिंगमध्ये ५-४ असा विजय मिळाला. हे साहस वर्षातून एकदाच करायचं असतं, आणि ते करता आलं कारण आधीचे सहा महिने इतरांनी इनिंग्ज वाहिल्या. या संघाचा पिचिंग कोच आहे मार्क प्रायर.

डॉजर्सकडे पैसा आहे, हे खरंच. पण विचार पैशाचा नाही. सात-आठ सुरुवात करणारे तयार ठेवणं आणि तरुणांच्या इनिंग्ज ऑक्टोबरकडून मागे मोजत येणं, हे लहान संघालाही जमतं.

यापुढे जाऊन नियमही बदलावेत, असं मला वाटतं. १३ पिचरची मर्यादा टप्प्याटप्प्याने ११ वर आणावी आणि वर-खाली पाठवण्याच्या संधी कमी कराव्यात. रोज ताजे हात मिळणार नाहीत म्हटल्यावर पिचरला सहा-सात इनिंग्ज पुरवून टाकावं लागेल आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकणं परवडणार नाही. अटलांटिक लीगने २०२१ मध्ये एक प्रयोग केला: सुरुवात करणारा पिचर काढला की संघाने खास बॅटरही गमवायचा. असे प्रयोग मेजर लीगनेही करून पाहावेत. बदल हळू करावा, नाहीतर तेच थकलेले हात आणखी राबवले जातील.

सगळ्यात महत्त्वाचं मुलांचं. ज्या मुलांनी वर्षात शंभराहून जास्त इनिंग्ज टाकल्या त्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीनपट असल्याचं फ्लायसिग यांच्या २०११ मधल्या अभ्यासात दिसलं. थकलेल्या हाताने नियमित टाकणाऱ्या किशोरांचा धोका तर २००६ च्या एका अभ्यासात छत्तीसपट निघाला. लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकल्यास चार दिवस विश्रांती सक्तीची आहे. अमेरिकेत मुलांना बेसबॉलला पाठवणाऱ्या मराठी आई-बाबांना माझं सांगणं आहे: मर्यादा पाळली जाते का ते बघाच, पण प्रशिक्षकांना हेही विचारा की संघातल्या किती मुलांना पिचिंग शिकवलंय. उत्तर दोन असेल, तर सहा करायला सांगा.